सव्वा लाखाची मूठ

आपल्याकडे इतिहास म्हटला की पातं. शाळेच्या पुस्तकात तलवारी भरपूर होत्या. त्या उपसल्या जायच्या, तळपायच्या, धडा संपला की म्यान व्हायच्या. पण त्या धरलेल्या कशानं असत, हे आमच्या मास्तरांनी कधी सांगितलं नाही आणि परीक्षेतही कधी आलं नाही. जणू तलवार आपोआप हवेत तरंगायची आणि तिच्यामागून मावळा धावायचा.

वस्तुस्थिती अशी, की पात्याचं काही खरं नसतं. सतराव्या शतकात मराठ्यांच्या हातात ज्या तलवारी होत्या त्यांतल्या कितीतरींची पाती युरोपातून आलेली. म्हणून तर तसल्या तलवारीचं नावच 'फिरंग' पडलं. पातं फिरंग्याचं आणि मूठ आपली. बोटांना आडोसा देणारी परज, मागे गोल चकती, आणि मुठीच्या पोकळीत लाख-राळ ओतून घट्ट बसवलेली पात्याची शेपटी. पातं कुठूनही येवो, तलवार कुणाची ते मुठीवरून ठरायचं. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण मला तरी एखाद्या शिकलगाराचीच वाटते. मूठ झाकलेली आहे तोवर सव्वा लाख. उघडून बघाल तर आत नुसती लाख, आणि तीही विटकरीचा भुगा मिसळलेली! भाषापंडित या व्युत्पत्तीला मान्यता देणार नाहीत हे मला ठाऊक आहे. पण भाषापंडितांनी कधी मूठ बसवलेली नसते.

मी बसवतो. मी कारखानदार आहे. कारखाना आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत असून त्याची लांबी आठ फूट आणि रुंदी साडेतीन फूट आहे. निवृत्त झाल्यावर माणसं नर्मदा परिक्रमा करतात, ज्ञानेश्वरीवर प्रवचनं देतात, सोसायटीचे सेक्रेटरी होतात. मी सुऱ्या करायला लागलो. आमच्या सौभाग्यवतींनी तुळस आणि कोरफड या दोन निर्वासितांची सोय बेडरूमच्या खिडकीत केली आणि "निदान घरी तरी असता" एवढाच शेरा मारला.

पातं मी घडवत नाही. लोखंड कापायच्या यांत्रिक करवतीचं झिजलेलं ब्लेड जुन्या बाजारात मिळतं. त्या पोलादाला मुळातच असा कडकपणा दिलेला असतो की घरी भट्टी पेटवावी लागत नाही. ग्राइंडरवर हवा तो आकार काढायचा, मधूनमधून पाण्यात बुडवायचं, की झाली सुरी. त्याला भोक पाडणं मात्र सरकारी कचेरीत अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकवण्याइतकं अवघड. पण खरी करामत मुठीची. दोन बाजूंना दोन पट्ट्या, मध्ये पात्याचा मागचा भाग, आरपार पितळेचे रिबिट, वर कानस आणि पॉलिश पेपर. पट्ट्या कशाच्या, इथून इतिहास सुरू होतो. आणि आमच्या घरी तो सुरू झाला आईच्या गुडघ्यांपासून.

त्याआधी थोडं विळीविषयी बोललं पाहिजे. मराठी स्वयंपाकघराला मूठ ठाऊकच नव्हती. विळीला मूठ नसते. जगात बहुतेक ठिकाणी भाजी गप्प पडून राहते आणि सुरी हलते. आपल्याकडे, आणि तिकडे बंगाल्यांच्या बोंटीवर, पातं गप्प राहतं आणि भाजी हलते. पातं धरायचं काम हाताचं नाहीच, पायाचं. पाट पायाखाली दाबला की दोन्ही हात मोकळे. इतकी बिनतोड योजना दुसरी नाही. तिच्यात खोट एकच, की तिला माणूस जमिनीवर बसलेला लागतो. फ्लॅट आले, ओटा आला, बायका उभ्या राहिल्या आणि विळी पायाखालून सुटली.

आई मात्र विळीवरून उठली नव्हती. ८४ व्या वर्षी तिचे दोन्ही गुडघे बदलले आणि डॉक्टरांनी जमिनीवर बसायला कायमची बंदी केली. संस्थानांचं विलीनीकरण झालं तसं आमच्या घरी हे विळीनीकरण झालं. विळी माळ्यावर गेली. आईनं ते एखाद्या संस्थानिकाच्या शांतपणानं पाहिलं. जो येईल तो तिला सांगायचा, "आजी, पुष्कळ केलंत, आता बसून खा." एकीकडे बसायची बंदी आणि दुसरीकडे बसून खायचा आग्रह! पण तिला त्या वाक्यातला विनोद दिसत नव्हता. 'आता तुझी गरज नाही' एवढाच त्याचा अर्थ तिला कळत होता, आणि खरं सांगायचं तर तो तसाच होता.

बाजारातल्या सुऱ्या तिला चालेनात. त्यांच्या मुठी पेन्सिलीसारख्या बारीक. सांधे सुजलेली बोटं तेवढी मिटतच नाहीत. मिटली तर दुखतात, न मिटली तर सुरी फिरते. मूठ जितकी जाड तितकी बोटं कमी मिटावी लागतात, हे साधं गणित. मी तिच्या हातात कणकेचा गोळा दिला आणि म्हटलं, "दाब." तिनं दाबला. बोटांचे पाच खड्डे उमटले. कारखान्याला आजवर मिळालेलं ते पहिलं रीतसर ड्रॉइंग.

आता पट्ट्या कशाच्या?

पहिला मान लाकडाचा. आमच्याकडे आजोबांच्या शिसवी पलंगाचा एक मोडका पाय होता. शिसव म्हणजे आपल्या सह्याद्रीतला काळा-जांभळा माणूस. जड, चिवट, न बोलणारा. साऱ्या जगातले सुरीवाले त्याच्यावर जीव टाकतात, इतका की २०१७ पासून शिसवाच्या संपूर्ण कुळालाच आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात नियंत्रण लागलं. करवत चालवली की त्याचा गोडसर वास सुटतो आणि मागोमाग शिंका. मूठ देखणी झाली. आईनं ती हातात घेऊन आधी "मामंजींचा पलंग मोडलास?" असा सवाल केला. मग चार दिवस वापरली आणि परत दिली. ओल्या हातात सटकते, आणि कांदा चिरल्यावर त्याचा वास मुठीतच मुक्कामाला राहतो. "उद्या खिरीचे बदाम कापीन मी हिनं," ती म्हणाली. लाकडाचा खटला निकालात निघाला.

मग मी हाडाचा विषय काढला. म्हटलं, "आई, हाडाची मूठ फार छान होते."

"हाड?" आई म्हणाली. हा शब्द आमच्या घरात कुत्र्याला हाकलण्यापुरताच वापरला जातो, त्यामुळे तो प्रश्न होता की आज्ञा, हे मला नीटसं कळलं नाही. मी हललो मात्र लगेच.

पण ज्यांच्या घरी ही अडचण नव्हती त्यांनी हाडावर केवढं राज्य उभारलं! इंग्लंडात शेफील्ड नावाचं गाव आहे. चौदाव्या शतकात चॉसरनं आपल्या काव्यात एका गिरणीवाल्याच्या पायमोज्यात शेफील्डचा चाकू खोचला आहे, इतकी त्या गावाची कीर्ती जुनी. १६२४ साली तिथल्या सुरीवाल्यांचा संघ पार्लमेंटात कायदा करून स्थापन झाला. आणि एवढं मोठं नाव, पण कारखाने म्हणावेत तर बहुतेक आमच्या गॅलरीचे भाऊबंद. 'लिटल मेस्टर' म्हणजे छोटे मालक. परसातली एक खोली, नाहीतर भाड्याचं एक बाकडं, एखादा शिकाऊ पोऱ्या, आणि जन्मभर एकच काम. एकानं पातं घडवायचं, दुसऱ्यानं धार काढायची, तिसऱ्यानं मूठ बसवायची. मूठ बसवणारी जमात वेगळी. तिला हाड, शिंग, शिंपला, कासवाची पाठ, हस्तिदंत, सगळ्याची नस ठाऊक. गाईच्या नळीच्या हाडावर खाचा पाडून, रंगवून त्याचं हरणाचं शिंग करायचं ही तर रोजची कामगिरी. हाडानं शिंगाचं सोंग घ्यायचं आणि गिऱ्हाइकानं ते ओळखूनही विकत घ्यायचं, असा सभ्य व्यवहार. या छोट्या मालकांपैकी शेवटच्यांत गणले गेलेले स्टॅन शॉ २०२१ साली गेले, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी. सत्तरांहून अधिक वर्षं ते चाकू करत होते.

चौऱ्याण्णव हे वय त्या गावाच्या इतिहासात अपूर्वाईचं. फ्रेडरिक एंगल्सनं १८४५ साली इंग्लंडमधल्या कामगारांच्या हालांवर पुस्तक लिहिलं. त्यात शेफील्डच्या एका डॉक्टरचा हवाला आहे. कोरड्या दगडावर धार काढणारे कामगार पस्तिशी क्वचितच गाठत, पाणी सोडलेल्या दगडावर काम करणारे फार तर पंचेचाळिशी. दगडाचा आणि पोलादाचा धुरळा छातीत बसायचा. लाटसाहेबांच्या टेबलावर ज्या सुरीनं भाजलेलं मांस कापलं जायचं, तिच्या धारेत एका तरण्या माणसाची दहा-वीस वर्षं घासलेली असत. मी ग्राइंडर लावला की तोंडावर जाड मास्क चढवतो. खालच्या मजल्यावरचे काका मला "कोण तो दरोडेखोर?" असं विचारतात. त्यांना मी शेफील्ड सांगत नाही. सकाळच्या चहाच्या वेळी माणसानं माणसाला काय काय सांगावं?

श्रीमंतांसाठी हस्तिदंत. आफ्रिकेतले हत्ती शेफील्डच्या तळघरांत टनांच्या हिशेबानं येऊन पडत, आणि त्यांच्या सुळ्यांतून जेवणाच्या सुऱ्यांच्या पांढऱ्याशुभ्र मुठी निघत. आणि गंमत बघा, एवढा हत्ती मारून केलेली मूठ गरम पाण्यात धुवायची चोरी! मुठीच्या भोकात राळ आणि विटकरीचा भुगा भरून पातं बसवलेलं असे, आपल्या तलवारींसारखंच. गरम पाणी लागलं की राळ विरघळून पातं बाहेर, शिवाय हस्तिदंत पिवळा पडून तडकायचा तो वेगळाच. म्हणून पाती तेवढी पाण्यात बुडवायची आणि मुठी वर धरायच्या, अशा सूचना तिकडच्या गृहिणींच्या पुस्तकांत असत. मोलकरणीला ही सूचना देणारी बाई डोळ्यांपुढे आली की मला साम्राज्य बुडाल्याचं मुळीच आश्चर्य वाटत नाही.

मुठीचं वेड एकट्या इंग्रजांना होतं असं मात्र कुणी समजू नये. आपल्या जहांगीर बादशहाला, म्हणजे ज्याला अख्खा हिंदुस्थान मुठीत ठेवायचा होता त्याला, खंजिराच्या मुठीसाठी वॉलरसचे सुळे लागत. हा बर्फाच्या समुद्रातला मिशाळ प्राणी बादशहानं जन्मात पाहिला नसणार. त्याच्या लेखी तो 'माशाचा दात'. तो उत्तरेकडून इराण-तुराणच्या वाटेनं यायचा. एकदा त्याला काळे-पांढरे छटे असलेला दात मिळाला आणि बादशहा असा पाघळला की आणखी मिळतील तिथून, कुणाकडूनही, पडेल त्या किमतीला आणा म्हणून त्यानं माणसं सोडली. हे त्यानं स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. त्याहून मला आवडतं ते हे, की त्या मुठी कोरणाऱ्या पूरण आणि कल्याण या दोन कारागिरांची नावंही त्यानं लिहिली आहेत. बादशहाच्या रोजनिशीत शिरायला लोक लढाया जिंकत. हे दोघे कानस चालवत शिरले.

हत्तींचा हिशेब पुढे जुळेना. सुऱ्यांपेक्षाही पियानोच्या पट्ट्या आणि बिलियर्डचे चेंडू हत्तींच्या मुळावर आले. १८६३ साली अमेरिकेत बिलियर्डवाल्यांनी हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्याला १० हजार डॉलरचं बक्षीस लावलं. जॉन वेस्ली हयात नावाच्या गृहस्थानं खटपट करकरून सेल्युलॉइड काढलं आणि १८७० साली त्याचं पेटंट घेतलं. सेल्युलॉइड म्हणजे काय? कापसावर तेजाबाची क्रिया करून जो स्फोटक माल होतो त्याचा धाकटा भाऊ, आणि त्यात कापूर. होय, आरतीतला कापूर! हयातचे ते चेंडू एकमेकांवर जोरात आपटले की कधीमधी फटाक्यासारखा आवाज व्हायचा. कोलोरॅडोतल्या एका बिलियर्डखान्याच्या मालकानं त्याला कळवलं, की आवाजाचं मला काही नाही हो, पण तो झाला की खोलीतला प्रत्येक माणूस पिस्तूल काढतो.

हेच सेल्युलॉइड मग चाकूच्या मुठींवर चढलं. नकली हस्तिदंत, नकली शिंपला, नकली कासव. स्वस्त आणि झकपक. पण पन्नास-साठ वर्षांनी ते स्वतःच सडतं, त्यातून आंबट वाफा निघतात आणि शेजारचं पातं गंजून जातं. जुने चाकू जमवणारे लोक असा एक चाकू बाकीच्यांपासून लांब ठेवतात, जसं लग्नघरात एखाद्या मामांना ठेवावं लागतं. आईला मी कापराची मूठ असते असं सांगितलं तेव्हा ती प्रथमच खूष झाली. मग ती पेट घेते असंही सांगावं लागलं. ओट्यावर गॅस आहे.

दरम्यान १९१३ साली शेफील्डच्याच हॅरी ब्रिअर्लीनं न गंजणारं पोलाद काढलं. तो शोधत होता बंदुकीच्या नळ्यांसाठी, आणि सापडलं ते जेवणाच्या सुऱ्यांना. गावातले सुरीवाले त्याला 'न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक' म्हणून हसले. पुढे त्याच सुऱ्यांनी जग व्यापलं. पात्याचा प्रश्न सुटला. मुठीचा राहिला तसाच राहिला.

आता सांबर. सुरीच्या मुठीसाठी जगातलं सगळ्यात नावाजलेलं शिंग कुठलं, तर आपल्या सांबराचं. परदेशी हरणांच्या शिंगांत आत भुसभुशीत गर फार. सांबराचं शिंग आतपर्यंत घट्ट आणि वरून वडाच्या सालीसारखं खडबडीत, ओल्या हातातही न सटकणारं. शिवाय हे शिंग दर वर्षी गळतं आणि नवं उगवतं. रानातल्या लोकांनी ते वेचायचं, व्यापाऱ्यानं विकत घ्यायचं, आणि ते शेफील्डला, जर्मनीत, अमेरिकेत जायचं. कागदावर पाहिलं तर कुणाचं काही बिघडत नाही. पण गळलेलं शिंग कुठलं आणि मारून काढलेलं कुठलं, हे मूठ सांगत नाही. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, त्याच्या दुरुस्त्या होत गेल्या आणि शतक संपता संपता शिंगांची निर्यात बंद झाली. तिकडचे सुरीवाले अजूनही जुन्या साठ्यातल्या शिंगांविषयी, आपण हापूसविषयी मे महिना संपल्यावर बोलतो तसे बोलतात. माझ्या एका मेहुण्यानं मला रानातून एक शिंग आणून देण्याची तयारी दाखवली होती. मी त्याला हात जोडले. उरलेलं आयुष्य मला गॅलरीत काढायचंय, कोठडीत नाही.

खरं तर या सगळ्या पसाऱ्यात माझे गुरुबंधू म्हणावेत ते अमेरिकन. विल्यम स्केगल नावाचा एक एकांडा म्हातारा मिशिगनमध्ये घरीच सुऱ्या करायचा. यंत्रं चालवायचा जुन्या मोटारीच्या इंजिनावर. मुठीला चामड्याच्या चकत्या एकीवर एक रचून मागे शिंगाचा तुकडा, ही त्याची खूण. पोलिओची साथ आली तेव्हा यानं लहान मुलांच्या पायांसाठी आधार करून दिले, पैसे न घेता. १९३७ साली एक माणूस स्केगलच्या सुरीनं नावेचा रंग खरवडत होता. (चांगल्या वस्तूचे लोक काय करतात बघा!) ते फ्लोरिडाच्या बो रँडल या संत्र्या-मोसंब्यांच्या बागाईतदारानं पाहिलं, सुरी विकत घेतली आणि घरी येऊन स्वतःच सुऱ्या करायला बसला. पुढे महायुद्धात सैनिक त्याच्या सुऱ्यांसाठी पत्रं लिहू लागले. १९६१ साली अंतराळातून परत आल्यावर समुद्रात बुडालेल्या लिबर्टी बेल ७ या यानात रँडलची सुरी होती. १९९९ साली यान वर काढलं तेव्हा तीही वर आली.

तिसरा बॉब लव्हलेस. हा व्यापारी जहाजावरचा खलाशी. १९५० नंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. न्यूयॉर्कच्या एका बड्या दुकानात रँडलची सुरी मागायला गेला, तर सांगण्यात आलं, नऊ महिने थांबा. नऊ महिन्यांत काय काय होतं हे सर्वांना ठाऊक आहे. लव्हलेसला सुरी झाली. त्यानं जहाजावर परतून स्वतःच केली. आणि पुढे ज्याच्या मुठी वापरून याच्या सुऱ्या साऱ्या जगात नावाजल्या, ते म्हणजे मायकार्टा.

नाव भारदस्त आहे, पण वस्तू तुम्ही पाहिलेली आहे. १९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या वेस्टिंगहाउस कंपनीनं विजेच्या सामानासाठी ती काढली. कापडाचे किंवा कागदाचे थर बेकलाइटच्या राळेत भिजवायचे आणि तापवून दाबायचे. होतो तो लाकडासारखा कापता येणारा दगड. आमचे इलेक्ट्रिशियन मीटरच्या पेटीत जो तपकिरी पत्रा बसवतात आणि 'हायलम' म्हणतात, तो याच जातीचा. पाणी पीत नाही, वास धरत नाही, उष्णतेनं हलत नाही. ओला झाला तर उलट हाताला जास्त पकडून राहतो. मूठ शोधायला माणसं उत्तर ध्रुवापर्यंत गेली, आफ्रिकेतून हत्ती आणले, आणि शेवटी हाती आलं ते फडकं!

आणि हे घरी करता येतं. बेकलाइटच्या ऐवजी दोन बाटल्यांतलं एपॉक्सी. सुती कापडाचे वीतभर लांब, चार बोटं रुंद तुकडे कापायचे, एकेकाला राळ फासायची, चाळीस चाळीस तुकड्यांच्या दोन गड्ड्या रचायच्या, दोन फळ्यांमध्ये घालून क्लॅम्प आवळायचे आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नाही. ही शेवटची अट सगळ्यात कठीण. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड उत्तम, कारण ते राळ चांगली पितं.

मी घरात जाहीर मागणी केली. सौभाग्यवतींनी उशांचे अभ्रे काढले. मुलीनं फाटकी जीन पँट दिली. ती आधी फाटली होती की फाटकीच विकत घेतली होती, हे विचारायची सोय नसते. आई काही बोलली नाही. संध्याकाळी तिनं सुनेकडून आपली ट्रंक उघडून घेतली आणि तळाशी घडी घातलेलं एक लुगडं काढलं. हिरवं इरकली, तांबड्या काठाचं, नऊ वार. माझ्या आजीचं. म्हणजे आईच्या सासूबाईंचं.

"याचं होईल का रे?"

मी म्हटलं, "आई, हे कापायचं? तीस वर्षं जपलंयस."

"ट्रंकेत जपून काय करू? मी गेल्यावर तुम्ही बोहारणीला द्याल." मग काठावरून हात फिरवत म्हणाली, "बत्तीस वर्षं विळीवर बसवलं त्यांनी मला. कोथिंबीर जाड चिरली म्हणून दोनदा परत चिरायला लावली होती. चिरलेली कोथिंबीर परत कशी चिरायची, तूच सांग! आता येऊ देत जरा माझ्या मुठीत."

एका मुठीला थोडंच कापड पुरतं. बाकीचं लुगडं परत ट्रंकेत गेलं. राळ लागली की हिरवा रंग काळपट होतो, तांबडा वाळलेल्या मिरचीसारखा. पण कानस फिरायला लागली की गोलाईवर एकेक थर उघडा पडतो आणि नकाशात डोंगर दाखवायला रेघा काढतात तशा बारीक रेघा उमटतात. काठाचे तुकडे मी मुद्दाम वरच्या बाजूला घेतले होते. कणकेतले पाच खड्डे मोजून-मापून उतरवायला तीन संध्याकाळी लागल्या. मास्क होताच. आजी छातीत जायला नको होती. हयातीत ती सगळ्यांच्या छातीवर पुरेशी बसली होती.

सुरी कुणाच्या हातात द्यायची नसते, भांडण होतं. म्हणून मी ती ओट्यावर ठेवली आणि आईसाठी उंच स्टूल सरकवलं. आईनं ती उचलली. बोटं खड्ड्यांत बसली का ते पाहिलं, नळाखाली हात ओला करून पुन्हा पाहिलं. मग पाव किलो भेंडी पुढे ओढली आणि चिरायला लागली. पाच-सहा भेंड्या झाल्यावर थांबली.

"जाड आहे जरा," ती म्हणाली. "पण असू दे. त्या होत्याच तशा."